बॅट तपासणारी पोरं आणि आपल्याकडचं सर्टिफिकेट

मंडळी, नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या मुलांना ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, अभ्यासक्रमातच आलंय. त्याला क्रेडिटही आहेत. आपल्या गावात त्याचं काय चाललंय ते तुम्हाला माहीत आहेच. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो. पोस्ट लांब आहे, पण वाचा.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात पुलमन नावाचं गाव आहे. मोठं शहर नाही, चहूकडे गव्हाची शेतं. तिथलं विद्यापीठ १८९० मध्ये शेती शिकवायला म्हणून निघालं. आज त्याच विद्यापीठात मेकॅनिकलचे प्राध्यापक लॉईड स्मिथ यांची खेळसाहित्य तपासणारी प्रयोगशाळा आहे आणि तिथे पदवीची मुलं काम करतात.

काम काय? बॅट तपासायची. हसू नका, ते साधं काम नाही.

१९७४ पासून तिथल्या कॉलेज बेसबॉलमध्ये ॲल्युमिनियमच्या बॅटी चालू झाल्या. लाकडी बॅट मोडते, खर्च वाढतो, एवढंच कारण होतं. पण धातूची बॅट आतून पोकळ. लाकडावर चेंडू आदळला की चेंडूच दबतो आणि बरीच ऊर्जा वाया जाते. पोकळ बॅटीत भिंतही दबते आणि लगेच परत उसळते, त्यामुळे चेंडू जास्त वेगानं सुटतो. कंपन्यांनी हाच गुण वाढवत नेला. १९९८ च्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्याचा स्कोअर लागला २१-१४. बेसबॉलमध्ये एवढ्या धावा म्हणजे अतीच. त्यानंतर बॅटीवर बंधनं आली.

पण प्रश्न नुसत्या धावांचा नव्हता. बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे त्यांचा बॉलर, १८.४४ मीटरवरून चेंडू टाकतो. आपली खेळपट्टी २०.१२ मीटरची. फटका सरळ अंगावर आला तर हात वर करायलाही वेळ मिळत नाही. २००३ मध्ये मोंटाना राज्यात १८ वर्षांचा एक पिचर ॲल्युमिनियमच्या बॅटीवरून आलेला चेंडू डोक्याला लागून गेला. प्रकरण कोर्टात गेलं. २००९ मध्ये ज्युरीनं बॅटीच्या कंपनीला भरपाई द्यायला लावली.

पुढे कॉम्पोझिटच्या बॅटी आल्या. त्यांची गंमत अशी, की नवी बॅट चाचणीत पास होते आणि वापरून जुनी झाली की जास्त उसळी द्यायला लागते. मग नवी बॅट तपासून उपयोग काय? म्हणून चाचणीची पद्धतच बदलावी लागली. बॅट रोलरखाली दाबून मुद्दाम जुनी करायची आणि मग मोजायची. हवेच्या तोफेतून ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगानं चेंडू बॅटीवर सोडायचा, येतानाचा आणि परततानाचा वेग मोजायचा, आकडा लिहायचा, पुन्हा सोडायचा. २०११ पासून कॉलेजला आणि २०१२ पासून तिथल्या हायस्कूलला नवा नियम लागला : उसळीचा आकडा ०.५० च्या वर नको. म्हणजे धातूची बॅट लाकडाच्या जवळपास आली. होमरन एकदम घटले. इतके, की पुढे खेळ रटाळ झाला अशी ओरड झाली. मग चेंडूची शिवण बदलायचा विचार निघाला. पुलमनमध्येच चाचणी झाली. चपट्या शिवणीचा चेंडू ३६७ फुटांऐवजी ३८७ फूट गेला आणि २०१५ पासून तोच चेंडू कॉलेजला लागू झाला.

मुद्दा लक्षात घ्या. कंपनीची बॅट बाजारात जाणार की नाही, हे ज्या आकड्यावर ठरतं तो काढायच्या कामात विशी-बाविशीची पोरं आहेत. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या लोवेल शाखेत १९९८ मध्ये बेसबॉल संशोधन केंद्र निघालं, तिथेही हेच.

हे आपोआप झालेलं नाही. १९५७ मध्ये पोलरॉइड कॅमेऱ्याचे जनक एडविन लँड एमआयटीत भाषणाला गेले आणि म्हणाले, मुलांना नुसती लेक्चर ऐकवू नका, पहिल्या वर्षापासून खरं संशोधन करू द्या. त्यावर १९६९ मध्ये मार्गारेट मॅकव्हिकर या तरुण प्राध्यापिकेनं योजना उभी केली. पदवीच्या मुलानं प्राध्यापकाच्या चालू संशोधनात काम करायचं, बदल्यात क्रेडिट घ्यायचं किंवा पगार. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजनं १९८० मध्ये तीच पद्धत उचलली.

आता आपल्याकडे या. आमच्या छोट्या ऑफिसात दर वर्षी पोरं येतात. "सर, काम नको, फक्त लेटर द्या. तारीख मागची टाका." मी देत नाही, पण पोरांवर रागही धरवत नाही. कॉलेजला कागद हवाय, पोरगं कागद गोळा करतंय. काही ठिकाणी तर असा कागद मिळवायला पोरगंच पैसे भरतं. म्हणजे पगार राहिला बाजूला, उलटी फी!

कुणी म्हणेल, ती अमेरिका आहे, त्यांच्याकडे तोफा आहेत. मान्य. पण आपल्याकडे तपासायला काहीच नाही का? आमदार निधीतून बसवलेल्या ओपन जिमचे गंजलेले सांधे बघा. शाळेच्या मैदानावरचे गोलपोस्ट नीट रोवलेत का बघा. लेदर बॉलवर खेळणाऱ्या पोरांची स्वस्तातली हेल्मेटं बघा. वजनकाटा, मोजपट्टी, मोबाइलचा स्लो-मोशन कॅमेरा आणि सोबत एक जाणता प्राध्यापक, एवढ्यावर सुरुवात होते. अहवाल नगरपालिकेला द्या. ते वाचतात की नाही, ते आम्ही पत्रकार बघून घेऊ.

पालकांना एवढंच सांगणं. कॉलेजात गेलात की तीन प्रश्न विचारा. माझ्या मुलानं नक्की काय काम केलं? ते कुणी तपासलं? आणि त्याचा उपयोग कुणाला झाला? उत्तर म्हणून नुसतं सर्टिफिकेट पुढे आलं, तर तिथून उठू नका. पुन्हा विचारा.