पर्जन्यचित्रमाला

मेघ, वादळ व पर्जन्य यांच्या बदलत्या भाववृत्ती एकाच सूत्रात गुंफून अनेक पानांवर वा फलकांवर रंगविणारा चित्रसमूह. एकेकटे वादळचित्र आणि अशी चित्रमाला यांत महत्त्वाचा भेद आहे. एकट्या चित्रात वादळ ही घटना असते. मालेत ती अवस्था ठरते. आधीची उमस, मधला कल्लोळ व नंतरची ओल ही एकमेकींच्या संदर्भानेच अर्थपूर्ण होतात. भारतात रागमाला व बारामासा या लघुचित्रप्रकारांतून ही कल्पना प्रथम रुजली. आधुनिक काळात तिची जागा स्थळनिष्ठ जलरंगचित्रांनी घेतली. या दोन्ही धारांचा संबंध पोहोचतो अशा प्रदेशांत नाशिक व त्याच्या भोवतालचा दख्खन यांचा समावेश होतो.

नाशिकचे पर्जन्यमानच चित्रकाराला विषय पुरविणारे आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील इगतपुरीत वर्षाकाठी ३०० सेंमी.हून अधिक पाऊस पडतो. तेथून सु. ४५ किमी.वरील नाशिक शहर पर्जन्यछायेत येते व तेथे तो जेमतेम ७० सेंमी.च्या आसपास उरतो. त्यामुळे शहरातून पश्चिमेकडे पाहणाऱ्यास त्र्यंबकच्या डोंगरावर कोसळणारा पाऊस दुरून, एखाद्या पडद्यासारखा, पुष्कळदा कोरड्या अंगाने पाहता येतो. वैशाख-ज्येष्ठातला वळीव याहून निराळा : दुपारी वारा पडतो, ईशान्येकडे वा पूर्वेकडे ढग चढतात, धुळीचा लोट उठतो आणि तासाभरात सारे शांत होते. आषाढातील झड मात्र दिवसचे दिवस एकाच करड्या रंगात चालू राहते. पावसाला एकच मुद्रा नसते, हे येथील सामान्य माणसासही ठाऊक आहे. रागमालाकारांनी त्याचेच शास्त्र केले.

महाराष्ट्रातील कलेत वादळाचे सर्वांत जुने रूप चित्रात नव्हे, तर शिल्पात आढळते. पुणे जिल्ह्यातील भाजे येथील विहारात हत्तीवर आरूढ झालेल्या एका वीराचे शिल्प असून त्याचा प्रचंड हत्ती सोंडेने झाड उपटत आहे. अनेक अभ्यासकांनी ही आकृती ऐरावतावरील इंद्राची, म्हणजे वादळमेघाची, मानली आहे. हे शिल्प मांधाता राजाच्या कथेतील आहे, असेही मत आहे. ओळख कोणतीही धरली, तरी झाडे मोडणारा हत्ती ही प्रतिमा लक्षात ठेवण्याजोगी आहे. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात परिवारासह आकाशातून येणारा इंद्र रंगविला असून त्याच्या भोवतीचे ढग वळणदार रेषांच्या पुंजक्यांनी दाखविले आहेत. हे ढग पाहून काढलेले नाहीत, संकेताने काढलेले आहेत. परंतु आकाश हे केवळ रिकामी पार्श्वभूमी नव्हे, याची जाणीव त्यांत स्पष्ट दिसते.

रागमाला : सोळाव्या शतकात संगीतशास्त्रातील रागध्यानांना चित्ररूप मिळू लागले. या शास्त्राला दख्खनचा मोठा आधार होता. मूळचा कर्नाटकातील पुंडरीक विठ्ठल हा खानदेशच्या फारुकी घराण्यातील बुऱ्हाणखानाच्या आश्रयास होता व तेथे त्याने सद्रागचंद्रोदय हा ग्रंथ रचला. पुढे उत्तरेत गेल्यावर त्याने रागमाला (१५७६) लिहिली. तीत रागांची वर्णने व्यक्तिरूपाने केलेली आहेत. खानदेश हा नाशिकला लागून असलेला प्रदेश, तर नाशिक स्वतः त्या काळी अहमदनगरच्या निजामशाहीत मोडत असे. निजामशाहीतील चित्रकलेचा महत्त्वाचा पुरावा, हुसेन निजामशाहाच्या स्तुतिपर लिहिलेले तारीफ-इ-हुसेनशाही (सु. १५६५) हे सचित्र हस्तलिखित, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात आहे. सु. १५९० च्या सुमारास दख्खनमध्ये तयार झालेली व माथ्यावर संस्कृत श्लोक असलेली रागमाला विशेष प्रसिद्ध आहे. ती अहमदनगरची की विजापूरची याविषयी एकमत नाही. तिची काही पाने बिकानेरच्या राजसंग्रहात सापडली, तर तीतील हिंडोल रागाचे पान दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बिकानेरचे राजे मोगलांच्या दख्खन मोहिमांत सेनानी म्हणून वावरले होते. दख्खनी चित्रे वाळवंटात पोहोचण्याचे हे एक सहज कारण दिसते.

रागमालेच्या रूढ मांडणीत भैरव, मालकंस, हिंडोल, दीपक, श्री व मेघ असे सहा राग आणि प्रत्येकाच्या पाच रागिणी मिळून ३६ चित्रे होतात. वादळाचा भाव त्यांपैकी मुख्यतः दोन ठिकाणी प्रकटतो. मेघ रागाच्या पानावर कृष्णासारखा निळा नायक वाद्ये वाजविणाऱ्या स्त्रियांसह नाचतो. वर काळ्या-निळ्या ढगांची दाट पट्टी, तीत नागमोडी सोनेरी वीज, खाली पांढऱ्या बगळ्यांची ओळ आणि बारीक पांढऱ्या रेघांचा पाऊस. मधुमाधवी रागिणीत याच आकाशाचा अर्थ पालटतो. तेथे एकटी स्त्री अंधारातून वाड्याकडे धावत असते; वीज तीच, मोरही असतात, पण उल्हासाची जागा धास्तीने घेतलेली असते. एकाच वादळाची ही दोन विरुद्ध पाने शेजारी ठेवून पाहिली, तरच मालाकाराचा हेतू उमगतो. माळव्यात माधोदासाने १६८० मध्ये रंगविलेल्या रागमालेत सपाट गडद आकाश व भडक रंगफलक यांचा उपयोग मोठ्या धिटाईने केलेला दिसतो. पहाडी चित्रकारांनी मात्र क्षेमकर्णाची अधिक विस्तृत रागव्यवस्था स्वीकारली.

बारामासा या प्रकारात सूत्र रागाचे नसून महिन्यांचे असते. केशवदासाच्या कविप्रिया (१६०१) या ग्रंथात नायिका प्रत्येक महिन्याचे वर्णन करून प्रियकराला प्रवासास न जाण्याची विनवणी करते. यावरील बुंदी, जयपूर इ. ठिकाणच्या चित्रमालांत आषाढ, श्रावण व भाद्रपद ही तीन पाने वादळाची असतात. भाद्रपदाच्या पानावर पुष्कळदा गरजणारे सिंह-वाघ व झाडे मोडणारे हत्ती दिसतात. भाजे येथील शिल्पाशी याचा प्रत्यक्ष संबंध जोडता येत नाही. तथापि हत्तीच्या बळातून वादळ सुचविण्याची रीत दीर्घकाळ टिकून होती, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

तंत्राच्या दृष्टीने ही चित्रे अपारदर्शक जलरंगातील आहेत. निळीत काजळी मिसळून आकाशाचा थर दिला जाई, कागद पालथा घालून अकीकाने घोटला जाई व शेवटी पांढऱ्या रंगाने पाऊस आणि सोन्याने वीज काढली जाई. म्हणजे पाऊस हा चित्रावर सर्वांत शेवटी पडे. पाश्चात्त्य पारदर्शक जलरंगात हा क्रम उलटा होतो : वीज व पाण्याची चकाकी यांसाठी कागदाचा पांढरेपणा सुरुवातीपासूनच राखून ठेवावा लागतो.

पाश्चात्त्य व जपानी उदाहरणे : लिओनार्दो दा व्हींचीने अखेरच्या वर्षांत महाप्रलयाची रेखाचित्रमाला काढली. जॉन कॉन्स्टेबलने १८२१–२२ मध्ये लंडनजवळील हॅम्पस्टेड येथे ढगांचे अनेक तैलअभ्यास केले व त्यांपैकी पुष्कळांच्या पाठीवर तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा नोंदविली. टर्नरच्या हिमवादळातील आगबोटीच्या चित्रात (१८४२) समुद्र व आकाश यांची सीमाच पुसली गेली. जपानमध्ये हिरोशिगेने एडो शहराच्या दृश्यांच्या मालेत पुलावर अचानक कोसळलेली सर (१८५७) सरळ, तिरप्या रेषांनी दाखविली. तिची रीत रागमालेच्या पावसाला आश्चर्यकारक रीत्या जवळची आहे.

आधुनिक महाराष्ट्र : मुंबईत १८५७ मध्ये सर जे. जे. कलाशाळा आणि १८८८ मध्ये बाँबे आर्ट सोसायटी स्थापन झाल्यावर प्रत्यक्ष निसर्गापुढे बसून चित्र काढण्याची पद्धत रूढ झाली. रागध्यानाऐवजी हवामान हा आधार झाला. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (मृ. १९३१) यांनी कोटितीर्थ तलावाचा परिसर निरनिराळ्या प्रहरी व ऋतूंत रंगविला; स्थळ तेच ठेवून प्रकाश बदलू देण्याची ही रीत मालिकेच्या कल्पनेशी मिळतीजुळती आहे. नाशिकमध्ये गोदावरीचे घाट, देवळे व जुने वाडे यांची जलरंगातील निसर्गचित्रे शिवाजी तुपे यांनी काढली व त्यांमुळे गोदाघाट हा महाराष्ट्रातील चित्रकारांचा एक परिचित विषय झाला.

घाटावर पावसाळी माला रंगविणाऱ्यास काही अडचणी हमखास येतात. दमट हवेत कागद लवकर वाळत नाही व दुसरा थर पहिल्यात मिसळून जातो. कुशल चित्रकार हाच दोष गुण म्हणून वापरतात : ढग ओल्या कागदावर सोडून देतात आणि दगडी पायऱ्या, दीपमाळ, कळस यांच्या कडा कागद वाळल्यावरच काढतात. निळा व तपकिरी मिसळून केलेला करडा रंग तयार काळ्यापेक्षा अधिक जिवंत दिसतो. काळ्या रंगाने केलेले वादळ बहुधा धुरासारखे दिसते, आणि होतकरूंच्या चित्रांत हा दोष वारंवार आढळतो. मालिकेसाठी स्थिर खूण आवश्यक असते. नाशिकला ती आयतीच मिळते : रामकुंडाजवळील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी किती चढले यावरून नाशिककर पुराची उंची सांगतात. १९६९, २००८ व २०१६ च्या पुरांच्या आठवणी याच मूर्तीच्या संदर्भाने सांगितल्या जातात. मूर्ती पायापर्यंत, कमरेपर्यंत वा पूर्ण बुडालेली दाखविणारी चित्रे शेजारी मांडली, तर भावनेबरोबर मोजमापही त्यांत येते.

मात्र वादळाकडे केवळ सौंदर्यदृष्टीने पाहणे या जिल्ह्यात कठीण आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने महाराष्ट्रातील पिकांचे मोठे नुकसान केले व त्यात नाशिकच्या द्राक्षबागांचाही समावेश होता. रागमालेतील मेघ हा विरहाचा वा मीलनाचा होता; त्यात शेतकरी क्वचितच दिसतो. दरबारी आश्रयातील या कलेची ही मर्यादा मान्य केली पाहिजे.

संगीत व चित्र यांची ताटातूट हा या इतिहासातील लक्षणीय भाग आहे. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी उत्तरायुष्यात नाशिक येथे रामनाम आधार आश्रम स्थापन केला आणि त्यांचे पुत्र, प्रसिद्ध गायक द. वि. पलुस्कर, यांचा जन्म २८ मे १९२१ रोजी याच गावी झाला. मेघ व मल्हार यांचे गायन अशा घराण्यांतून अखंड चालत राहिले. रागचित्रे रंगविणे मात्र आश्रयदाते संपताच बहुतेक थांबले.

जतन : चित्रमालांचे खरे नुकसान पाने विखुरण्याने झाले आहे. व्यापाऱ्यांनी बांधणी उसवून एकेक पान विकले, त्यामुळे एकाच मालेतील पाने निरनिराळ्या संग्रहांत गेली. मेघ एकीकडे व मधुमाधवी दुसरीकडे अशी अवस्था झाल्यावर दोन्ही पाने केवळ सुंदर चित्रे उरतात. श्लोक, पानावरील क्रमांक, कागद व कडेच्या रेषा यांवरून अभ्यासक मूळ क्रम लावण्याचा प्रयत्न करतात. भित्तिचित्रांची गोष्ट निराळी. ती विकून नेता येत नाहीत, पण पावसापासून सुटतही नाहीत. नाशिक जिल्ह्यात चांदवड येथील होळकरांच्या रंगमहालात भिंतींवर चित्रे आहेत. अशा वास्तूंत छतातून झिरपणारे पाणी चुन्याच्या थरातील क्षार पृष्ठावर आणते व रंग पापुद्र्यांनी सुटतो; म्हणून चित्राच्या दुरुस्तीपूर्वी छप्पर दुरुस्त करावे लागते.