एका पाचरीचा भरवसा

जुन्या पिस्तुलाचं चित्र दिसलं की मी आधी नळी बघायचो. आता पाचर शोधतो.

जॉन ब्राउनिंगच्या १९०० सालच्या कोल्ट पिस्तुलात प्रत्येक गोळीला नळीवरची जड स्लाइड झटक्यानं मागे येई. तिला सांगाड्यावर धरून ठेवायला पुढच्या टोकाशी होती एकच आडवी पोलादी पाचर. ती तुटली किंवा बसवायची राहिली, तर स्लाइड निसटून थेट नेम धरणाऱ्याच्या तोंडावर!

१९११च्या मॉडेलपर्यंत ब्राउनिंगनं रचनाच बदलली. स्लाइड पुढूनच निघू लागली. मागे आली की सांगाड्यालाच अडू लागली. त्या वर्षीच्या लष्करी चाचणीत ६,००० गोळ्या झाडूनही पिस्तूल अडलं नाही.

पाचर जाड करणं सोपं होतं. त्यानं तिची गरजच संपवली.