पाळी सुटल्यानंतरचं गिरणगाव

गिरणी बंद पडली, तरी गिरणी कामगारांची संध्याकाळची बैठक का मोडली नाही? मुंबईच्या कापड गिरण्यांत १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांतले असंख्य कामावर परतलेच नाहीत. तरीही लालबाग-परळात जुने सोबती भेटत राहिले. याचं कारण गिरणीबाहेर शोधावं लागतं. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले पुरुष गावकीच्या खोलीत वळकटी टाकून राहत. एकाची पाळी सुटली की दुसऱ्याची भरे, म्हणून एकच जागा दोघांना पुरे. जेवण खानावळवाल्या बाईकडे, संध्याकाळी भजनी मंडळ, नाहीतर नाटकाची तालीम. यातलं काहीच मालकाने उभारलं नव्हतं, म्हणून त्याच्या टाळ्याने ते बंदही पडलं नाही.

ही बैठक सगळ्यांची नव्हती, हा आक्षेप रास्तच आहे. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढावा लागे. विटाळाचं कारण पुढे करून दलित कामगारांना त्या जास्त पगाराच्या खात्यापासून दूर ठेवलं जाई. गावकीची खोलीही बहुधा जातीनेच बांधलेली. ज्या नात्यांनी बैठक टिकवली, त्यांनीच तिचं दार अरुंद ठेवलं, असं मला वाटतं. बायका तर तिथे बसतच नसत. त्या रांधत होत्या. पण १९७५मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने याच खानावळवाल्यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभारलं, आणि संपाच्या कितीतरी आधी स्वतःची बैठक मांडली.