संन्यासी टिळक आणि लक्ष्मीबाईंची लेखणी

१९१७ मध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडली, संन्यास पत्करला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तिथे स्थान होते. पगार थांबला, प्रपंच काही थांबला नाही.

१९१९ मध्ये टिळक निवर्तले. अशा पुरुषाचे चरित्र पत्नीने लिहायचे, म्हणजे बहुधा स्तोत्रच! लक्ष्मीबाईंनी ते टाळले. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त टिळकांचा भडका, न सांगता घर सोडून जाणे, हातचा पैसा वाटून टाकणे, सारे आले आहे. धर्मांतराच्या कथांत दोष सहसा बाप्तिस्म्याआधीचे असतात. येथे मात्र १८९५ च्या बाप्तिस्म्यानंतरही टिळकांचा राग टिळकांचाच राहतो.

लक्ष्मीबाईंनी स्वतःलाही सवलत दिली नाही. पतीकडे परतल्यावरही त्यांचे सोवळे सुटेना. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. जातिभेद मनातून गेला तो हळूहळू, आणि मगच १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या आधीच्या हट्टाची हकिकत त्यांनी लपवली नाही; उलट स्वतःलाच हसत सांगितली.