बर्लिनची विद्या आणि मराठी समीक्षा : एका ज्ञानव्यवहाराची नोंद

मराठी समीक्षेच्या संदर्भात 'पाश्चात्त्य प्रभाव' हा शब्दप्रयोग केला जातो तेव्हा बहुधा इंग्रजीचाच प्रभाव अभिप्रेत असतो. राज्यकर्त्यांची भाषा म्हणून इंग्रजी आपल्यावर आली, तिच्याबरोबर तिची वाङ्मयीन मूल्येही आली आणि पुढे या मूल्यांच्या विरोधात देशीवादाची भूमिका उभी राहिली. या मांडणीत तथ्य आहे. परंतु तीत एक दालन रिकामे राहते. महाराष्ट्रातील काही अभ्यासक राज्यकर्त्यांच्या देशात न थांबता जर्मनीत गेले, जर्मन भाषा शिकले, तिथल्या विद्यापीठांत प्रबंध लिहून परत आले. जर्मनीची येथे सत्ता नव्हती, त्यामुळे हा संबंध सक्तीचा नव्हता, निवडीचा होता. त्याचा मराठी विचारविश्वावर कोणता परिणाम झाला, हा प्रश्न समीक्षेच्या इतिहासाने फारसा विचारलेला नाही.

या व्यवहाराची सुरुवात उलट दिशेने झाली. 1859 साली मार्टिन हाउग पुण्यात संस्कृतचे अध्यापक म्हणून आले. 1863 साली गेओर्ग ब्यूलर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात आणि 1866 साली फ्रान्झ कीलहॉर्न पुण्यात रुजू झाले. ब्यूलर व कीलहॉर्न यांनी 'बॉम्बे संस्कृत सीरिज' सुरू केली. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या संशोधनदृष्टीची घडण या विद्वानांच्या सान्निध्यात आणि त्यांच्याशी झालेल्या वादसंवादांत झाली. 1885 साली ग्योटिंगेन विद्यापीठाने भांडारकरांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. म्हणजे आपला विद्यार्थी जर्मनीत जाण्याआधी जर्मन अध्यापक आपल्या दारात येऊन गेला होता. तो शिकवीत होता तसाच शास्त्री-पंडितांकडून शिकतही होता, ही गोष्ट विसरता कामा नये.

पुढच्या पिढीने प्रवासाची दिशा बदलली. पां. दा. गुणे लाइपझिगला जाऊन तुलनात्मक भाषाशास्त्र शिकले. त्यांचे या विषयावरचे प्रवेशपर पुस्तक 1918 साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी हेर्मान याकोबी यांनी 'भविसत्तकहा' हे अपभ्रंश काव्य जर्मनीत प्रकाशित केले आणि 1923 साली चि. डा. दलाल व गुणे यांची आवृत्ती बडोद्याहून निघाली. गुणे 1922 सालीच निवर्तले होते. मराठीच्या पूर्वपीठिकेचा विचार करणाऱ्याला अपभ्रंश वाङ्मय टाळता येत नाही. आणि ते उपलब्ध करून देण्यात एका मराठी अभ्यासकाचे जर्मन शिक्षण असे कामी आले.

तथापि या परंपरेतील मध्यवर्ती नाव विष्णु सीताराम सुकथनकर यांचेच. केंब्रिजला गणित शिकून ते बर्लिनला हाइनरिश ल्यूडर्स यांच्याकडे गेले आणि पहिल्या महायुद्धाच्या आसपास शाकटायनाच्या व्याकरणावरील प्रबंध त्यांनी पूर्ण केला. महाभारताची चिकित्सित आवृत्ती काढण्याची कल्पना विंटरनिट्झ यांनी 1897 च्या प्राच्यविद्या परिषदेत मांडली होती. ल्यूडर्स यांनी 1908 साली तिचा छोटा नमुनाही छापला होता. महायुद्धात ती युरोपीय योजना मागे पडली. 1919 साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने हे कार्य हाती घेतले आणि 1925 साली त्याचे प्रमुख संपादकत्व सुकथनकरांकडे आले. गुरूचे अपुरे राहिलेले काम शिष्याच्या गावी उभे राहिले.

येथे 'प्रभाव' हा शब्द अपुरा पडतो. ग्रीक-लॅटिन ग्रंथांसाठी युरोपात सिद्ध झालेली पाठचिकित्सा पोथ्यांची वंशावळ लावून मूळ पाठाकडे जाऊ पाहते. महाभारताच्या पोथ्या मात्र एकमेकींत मिसळलेल्या; उत्तरेची वाचना वेगळी, दक्षिणेची वेगळी; शिवाय मौखिक परंपरा सतत वाहती. आदिपर्वाच्या 1933 सालच्या प्रस्तावनेत सुकथनकरांनी स्पष्ट केले, की हा प्रश्न स्वतःच्या जातीचा एकमेव आहे आणि युरोपीय पद्धत येथे जशीच्या तशी लागू पडणार नाही. म्हणून त्यांनी व्यासांचा मूळ ग्रंथ सिद्ध करण्याचा दावा न करता, उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जाता येईल तितक्या जुन्या पाठापर्यंत जाण्याची मर्यादा स्वीकारली. 1942 च्या मुंबई विद्यापीठातील व्याख्यानांत तर महाभारताचे थर सोलत बसणाऱ्या युरोपीय विश्लेषकांची त्यांनी कठोर झडती घेतली आणि ग्रंथाचा अर्थ त्याच्या समग्रतेत शोधला. 1943 च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. ती व्याख्यानमाला अपुरीच राहिली. बर्लिनकडून त्यांनी शिस्त घेतली, निष्कर्ष घेतले नाहीत.

दुसरे उदाहरण अधिक बोचरे आहे. 1920 च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे बर्लिनला गेल्या. तेथील नव्या मानवशास्त्र संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. ही संस्था वंशशुद्धीच्या विचाराला शास्त्राचे अधिष्ठान देऊ पाहत होती. 1933 साली नाझी सत्तेवर आल्यावर फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. मानवी कवटीच्या दोन बाजूंमधील असमरूपता हा कर्वे यांना मिळालेला विषय. युरोपीय आणि युरोपेतर कवट्यांत या बाबतीत वांशिक भेद सापडेल, अशी मार्गदर्शकाची अपेक्षा होती. कर्वे यांच्या मोजमापांतून तसा भेद निष्पन्न झाला नाही आणि त्यांनी तसेच लिहिले. परदेशी विद्यार्थिनी, परकी भाषा, पदवी मार्गदर्शकाच्या हाती, अशा स्थितीत केलेले हे विधान आहे. मोजमापांची पद्धत मात्र त्यांनी टाकली नाही. महाराष्ट्रातील जातिसमूहांच्या अभ्यासात ती पुढेही त्यांच्यासोबत राहिली. घेतलेल्या विद्येशी असलेले नाते असे गुंतागुंतीचे असते.

या दोन बर्लिन-विद्यार्थ्यांच्या वाटा एका मराठी पुस्तकात एकत्र येतात. चिकित्सित आवृत्ती 1966 साली पूर्ण झाली आणि 1967 साली कर्वे यांचे 'युगान्त' प्रसिद्ध झाले. त्यातील विवेचनाचा आधार हीच आवृत्ती आहे. वस्त्रहरणप्रसंगी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा या आवृत्तीत मुख्य संहितेतून निघून तळटीपांत गेला. कीर्तनपरंपरेने रूढ केलेला भक्तिभाव बाजूला झाला आणि भर सभेत प्रश्न विचारणारी द्रौपदी एकटी उरली. 'युगान्त'मधील गांधारी, कुंती, द्रौपदी या माणसे म्हणून भेटतात, यामागे लेखिकेची प्रतिभा आहेच. परंतु पाठचिकित्सेने मोकळी केलेली जागाही आहे. मराठी वैचारिक गद्यातील हे महत्त्वाचे पुस्तक केवळ 'स्वतंत्र प्रज्ञेचा आविष्कार' म्हणून वाचणे किंवा 'पाश्चात्त्य बुद्धिवादाचे अपत्य' म्हणून बाजूला सारणे, दोन्ही अपुरे ठरते.

हा इतिहास पुण्या-मुंबईपुरताच आहे, असे भंडाऱ्याकडून पाहणाऱ्याला वाटण्याचा संभव आहे. पुरावा निराळे सांगतो. नागपूर संग्रहालयातील माळव्याच्या राजांचा शिलालेख कीलहॉर्न यांनी संपादित केला. कोरीव लेखांच्या वाचनाची जी शिस्त ब्यूलर-कीलहॉर्न यांच्या पिढीने घालून दिली, तीच घेऊन नागपूरच्या वासुदेव विष्णु मिराशी यांनी विदर्भाचा प्राचीन इतिहास उभा केला. वैनगंगेकाठच्या पवनी येथील भार राजा भगदत्ताचा लेख त्यांनी वाचला. 1969-70 साली त्याच पवनीत उत्खनन होऊन बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आले. विद्या प्रवास करते. तिला प्रत्येक वेळी प्रवासी लागतोच असे नाही.

उलट दिशेचा प्रवासही थांबला नाही. हायडेलबर्गचे ग्युंटर सोनथायमर महाराष्ट्रात येऊन धनगरांच्या ओव्यांमागे हिंडले. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांवरील त्यांचा ग्रंथ 1976 साली जर्मनमध्ये निघाला. 1992 साली त्यांचे निधन झाले. आपल्या विद्यापीठीय समीक्षेने ज्या मौखिक वाङ्मयाला परिशिष्टात ठेवले होते, त्याला त्यांनी संहितेची प्रतिष्ठा दिली. देशीयतेचा आग्रह धरणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा. देशी काय आहे हे पाहण्यासाठी कधीकधी परक्या भाषेतून परतावे लागते, ही त्यातील मेख आहे.

2024 साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्यासंबंधी करार केला. सोनथायमर यांचे हायडेलबर्ग याच राज्यात आहे. जर्मन भाषेचे वर्ग आता रोजगाराच्या ओढीने भरतील, आणि त्यात गैर काही नाही. जिल्ह्याच्या गावातील मुलाला परदेशाची वाट खुली होणे ही मोठीच गोष्ट आहे. प्रश्न विद्यापीठांचा आहे. विद्यार्थी-विनिमयाची योजना आखताना जर्मन विभाग आणि मराठी विभाग एकमेकांशी बोलणार आहेत काय? सुकथनकर संस्कृत घेऊन गेले होते, गुणे प्राकृत-मराठीचा प्रश्न घेऊन. बरोबर नेण्यासारखे काही होते, म्हणून त्यांना आणण्यासारखे काही सापडले. आज जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती आपण कोणता प्रश्न देतो, यावर तो तिथून केवळ प्रमाणपत्र आणणार की गुरूशी मतभेद करण्याचे बळ आणणार, हे ठरेल.