गोठ्यात कोण राहिलं?

रत्नागिरीचा इतिहास म्हटलं की पाहुण्याला आपण थिबा राजवाड्यावर नेतो. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं, १९१० साली राजवाडा बांधून झाला, १९१६ साली राजा इथेच वारला. वास्तू बघण्यासारखी आहे, प्रश्नच नाही. पण घरामागच्या गोठ्याचा इतिहास कोणी सांगत नाही. यंदा गणपती झाल्यावर आमच्या रिकाम्या गोठ्याची राहती खोली करायला घेतली. भिंती खरवडताना आणि घरातल्या मोठ्या माणसांशी वाद घालताना हा इतिहास हळूहळू पुढे आला. तो इथे लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट जोत्याची. कोकणात घर ओळखायचं ते जोत्यावरून. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. पागोळ्यांचं पाणी उडून भिंतीत मुरू नये म्हणून राहतं घर चांगलं दोन-अडीच फूट जोत्यावर घ्यायचं. गोठ्याचं जोतं मात्र जेमतेम वीतभर, कारण गुरांना चढउतार नको आणि मूत वाहून उकिरड्याकडे जायला हवं. त्यामुळे जोत्याची उंची बघितली की आत माणूस राहतो की जनावर, हे लांबूनच कळायचं. पण ज्यांच्या घराला जोतंच नव्हतं अशी माणसंही आपल्याच गावात होती.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची बहुतेक घरं केंबळी होती. कुडाच्या भिंती, वर भाताचा पेंढा नाहीतर गवत. बऱ्या परिस्थितीच्या घरावर गावच्या कुंभाराने केलेली नळीची कौलं. १८६५ साली बासेल मिशनच्या लोकांनी मंगळुरात यंत्रावर चपटी कौलं काढायला सुरुवात केली आणि ती गलबतांतून वर किनाऱ्याला येऊ लागली. म्हणून आजही आपण त्याला मंगलोरी कौल म्हणतो. नळ्याच्या कौलापेक्षा हलकं, एकात एक अडकणारं, दरवर्षी शाकारायची कटकट कमी. पण ते विकत घ्यावं लागायचं, आणि रोकड पैसा कोणाकडे होता?

इथे खोती येते. रत्नागिरी जिल्ह्यातली बहुतेक गावं खोतीची. कूळ कसणार, खोत वसूल करणार. त्याशिवाय आठ दिवसांतून एक दिवस खोताकडे फुकट राबायचं, ती वेठ वेगळी. १८८० च्या खोती कायद्याने वेठ कागदावरून गेली, पण जमीन खोताचीच राहिली. ज्या तुकड्यावर कुळाची झोपडी उभी, तो तुकडाही त्याचा नाही. मालक उद्या ऊठ म्हणाला तर उठायचं. अशा जागेवर चिऱ्याचं जोतं कोण बांधेल? लोकांना चांगलं घर नको होतं असं नाही. बांधलेलं आपलं राहील याची खात्री नव्हती, म्हणून घरं कच्ची राहिली. गड्याला तर स्वतःची झोपडीही नसायची, तो मालकाच्या गोठ्याच्या पडवीला गुरांच्या उबेने झोपायचा.

बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव आपल्या जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. त्यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती गेली ती पुढे १९४९ च्या कायद्याने. त्याच्या आधीच्या वर्षी, १९४८ मध्ये, कूळकायदा आला. त्यातली जमिनीची कलमं सगळ्यांना माहीत आहेत, पण घराचंही एक कलम आहे. मालकाच्या जागेवर कुळाने स्वतःच्या खर्चाने घर बांधलेलं असेल, तर त्याला त्या घरातून सहजासहजी काढता येत नाही. माझ्या मते कोकणातली जोती उंच झाली त्यात मुंबईच्या पैशाइतकाच या कलमाचाही हात आहे.

मुंबईचा पैसाही काही कमी नव्हता. १८५६ मध्ये ताडदेवला दावरशेटची गिरणी सुरू झाली, मग एकामागून एक भोंगे वाजू लागले आणि रत्नागिरीचा तरुण बोटीत बसला. मनीऑर्डरी आल्या, कौलं आली, चिरे आले. आमच्या वाडीत तेव्हा एक उलटापालट झाली. पुढच्या अंगाला नवीन चिरेबंदी घर उभं राहिलं आणि मागच्या जुन्या केंबळी घरात गुरं बांधली. म्हणजे काही गोठे आधी घरंच होती. आमच्या गोठ्याच्या भिंतीत दिव्याचा कोनाडा निघाला, तो काय बैलासाठी ठेवलेला नव्हता.

उलट दिशेनेही व्हायचं. भावाभावांत वाटणी झाली की एकाला ओटी-माजघर, दुसऱ्याला पडवी आणि गोठा. गोठा मिळालेला भाऊ गुरं बाहेर काढून, जमीन सारवून तिथेच चूल मांडायचा. रोगराईतही तेच. १८९६ साली मुंबईत प्लेग निघाला आणि माणसं गावाकडे धावली, तेव्हा वेगळं राहायला झोपडी, खोपी, मिळेल तो आडोसा धरावा लागला. आपण हसून म्हणायचो जुन्या गोष्टी. मग २०२० चा मे महिना आला. चाकरमानी गावी पोचले, शाळा विलगीकरणाला भरल्या आणि कितीतरी वाड्यांत घरच्याच पोराला चौदा दिवस गोठ्यात नाहीतर मांगरात ठेवलं. लगेच ३ जूनला निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगडात पत्रे कागदासारखे उडाले.

आता गोठे रिकामे आहेत. नांगर गेला, पॉवर टिलर आला. शेण नाही म्हणून खताची गोणी आली. आमची शेवटची बैलजोडी जाऊन अकरा वर्षं झाली. गोठ्यात होतं काय? फुटक्या क्रेट, पंपाचे जुने पाईप आणि साप.

बागेत मात्र माणसं आहेत. दसरा-दिवाळीनंतर नेपाळी गडी येतात आणि आंबा संपेपर्यंत राहतात. भारत-नेपाळचा १९५० चा करार आहे, त्यामुळे त्यांना इथे येऊन काम करायला आडकाठी नाही. फवारणी, माकडांची राखण, रात्रीचा पहारा, काढणी, सगळं त्यांच्या जिवावर. आज त्यांच्याशिवाय हापूस पेटीत जात नाही, हे कोणीही बागायतदार मान्य करील. आणि ती राहतात कुठे? कितीतरी बागांत पत्र्याच्या खोपीत, फवारणीच्या औषधांच्या शेजारी, लहान पोरं घेऊन. १९५१ च्या मळेकामगार कायद्याने चहा, कॉफी, रबर, सिंकोना अशा मळ्यांच्या मालकांवर कामगारांना घरं देण्याची जबाबदारी टाकली. त्या यादीत आंब्याची बाग नव्हती.

आमच्याकडे नवरा-बायको आणि एक मुलगी दरवर्षी येतात. त्यांच्यासाठी गोठ्याची खोली करायची म्हटल्यावर घरात दोन हरकती निघाल्या. काका म्हणाले, "अरे, गोठ्यात माणसं ठेवणार काय? लोक हसतील." त्याच दमात पुढे, "आणि पक्की खोली दिलीस तर उद्या कूळ लागेल, मग बस कोर्टाच्या पायऱ्या चढत."

पहिल्या हरकतीला आईनेच उत्तर दिलं. "पत्र्यात ठेवता तेव्हा हसत नाय कोण, मग आता कशाला हसतील?"

दुसरी हरकत खरी महत्त्वाची, कारण ती गावोगाव ऐकू येते आणि तिच्यापायी गड्यांना मुद्दाम कच्च्यात ठेवलं जातं. कूळकायद्याचं चौथं कलम वाचा. मजुरीवर ठेवलेला नोकर किंवा मालकाच्या देखरेखीखाली काम करणारा मजूर कूळ ठरत नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. मजुरी रोख आणि नोंद करून द्यावी, भीती कमी होते. आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेत शेतावरच्या इमारतीची व्याख्या बघा. अवजारं-खत ठेवणं, पीक साठवणं, गुरं बांधणं आणि मालकाचं कुटुंब, नोकर किंवा कूळ यांनी राहणं, हे सगळं एकाच व्याख्येत बसवलंय. कायद्याने गुराचा आणि माणसाचा निवारा एका ओळीत ठेवलाय. भेद जोत्यात आहे, आणि जोतं आपल्या हातात आहे. (परवानगीचे नियम गावठाण आणि गावठाणाबाहेर वेगळे आहेत, आधी तलाठी आणि ग्रामपंचायतीत विचारून घ्या.)

काम काय केलं ते थोडक्यात, कोणाला उपयोग झाला तर.

गोठ्याची जमीन वर्षानुवर्षं मूत पिते. त्यातून मातीत सोरा तयार होतो. जुन्या काळी बंदुकीच्या दारूसाठी अशाच मातीतून सोरा काढायचे. तो चिऱ्यात चढतो आणि वरून सिमेंटचा गिलावा मारला की वर्षभरात पापुद्रे सुटतात. म्हणून दीड फूट माती उकरून काढली. फेकली नाही, शेणखतात मिसळून माडांच्या आळ्यांत थोडी थोडी घातली, उत्तम खत आहे. भिंती पाण्याने न धुता सुक्या ब्रशने घासल्या, कारण पाण्याने मीठ आणखी आत जातं. गिलावा चुन्याचा, म्हणजे भिंत श्वास घेते.

खाली दगडाची भर, त्यावर प्लास्टिक कागद, काँक्रीट आणि कोबा. जोतं दोन फुटांवर आणलं. तेवढं छप्पर बुटकं झालं, म्हणून भिंतीवर चिऱ्यांचे थर चढवून वासे-रिपा नवीन घातल्या. कौलं जुनीच मंगलोरी, धुवून परत बसवली. पत्रा टाकला नाही, एप्रिलमध्ये त्याखाली माणूस शिजतो. समोरासमोर दोन खिडक्या. गव्हाण तोडली नाही, वरून लादी बसवून ओटा केला, त्यावर आता शेगडी. मोरी आतच, संडास बाहेर शोषखड्ड्यासह. उंदीर शिरू नये म्हणून मोरीला जाळी, कारण पावसाळ्यात लेप्टोचं भय आहेच. औषधांचं कपाट कुलपासकट पंपघरात गेलं. खर्च मजुरी धरून एक लाख सत्तर हजार. एका हंगामाच्या फवारणीशी ताडून बघा, मग महाग की स्वस्त ते ठरवा.

खोलीला अजून नाव नाही. घरात सगळे गोठाच म्हणतात आणि म्हणेनात का. पुढच्या आठवड्यात माणसं येतायत. मुलगी आता सहा वर्षांची झाली, तिचं जवळच्या शाळेत नाव घालायचं आहे. गुरुजींशी बोलून ठेवलंय.