पहिली वेलांटी आणि अँड्रॉइडचं मूळ

मंडळी, परवा कपाट आवरताना जुना फोन हाती लागला. बॅटरी फुगलेली, मागचं झाकण चिकटपट्टीनं बांधलेलं. सौ. म्हणाली, "भंगारवाल्याला देऊन टाका." मी दिला नाही. का दिला नाही ते सांगायचं तर थोडा इतिहास सांगावा लागेल. इतिहास हा माझा शाळेतला विषयच, तेव्हा मला निमित्तच हवं असतं. :)

२०११ च्या दिवाळीत हा फोन घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही. त्या काळात असे स्वस्त फोन ढिगानं यायचे. आत अँड्रॉइड २.२. माझा हेतू एकच. नागपूरहून दादा (माझे थोरले बंधू) दर आठवड्याला मेल पाठवायचे. सत्तरीत युनिकोड टंकलेखन शिकले होते आणि आमच्या आईच्या आठवणी एकेक करून लिहून काढत होते. आमच्या तालुक्याच्या गावी तेव्हा भारनियमन जोरात, ऐन दुपारी संगणक बंद. म्हटलं, फोनवर वाचू.

फोनवर मेल उघडली तर नुसते चौकोन! ओळीच्या ओळी रिकामे चौकोन, मध्ये कुठेतरी स्वल्पविराम. आईची आठवण आणि तिचे हे असे चौकोन.

दादांचा धाकटा मुलगा तेव्हा पुण्याला इंजिनियरिंग शिकत होता, शनिवार-रविवार आमच्याकडे यायचा. तो म्हणाला, "काका, फोन रूट करावा लागेल." मला वाटलं रूट म्हणजे रस्ता. त्यानं सांगितलं, रूट म्हणजे मूळ.

आता हे मूळ काय प्रकरण आहे ते मला समजलं तसं सांगतो. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स असतं. लिनक्सचे संस्कार युनिक्सचे, म्हणजे एका मोठ्या संगणकावर अनेक जण काम करणार, प्रत्येकाला आपापली खोली, आणि एक वापरकर्ता सगळ्यांच्या वरचा. त्याचं नाव रूट. त्याला कुठलंही दार बंद नाही. अँड्रॉइडनं यात गंमत अशी केली की प्रत्येक ॲपलाच वेगळा भाडेकरू ठरवलं. एकाने दुसऱ्याच्या खोलीत डोकवायचं नाही. सुरक्षेच्या दृष्टीनं हे उत्तमच. पण फोन विकत घेणाऱ्यालाही मालकाची किल्ली देत नाहीत! वाडा तुम्ही खरेदी केलात, पण माळ्यावर जायचं नाही. आणि अक्षरांचे टंक नेमके त्या माळ्यावर, म्हणजे 'सिस्टिम' नावाच्या विभागात, जिथे फक्त वाचायची मुभा, लिहायची नाही.

ही किल्ली पहिल्यांदा सापडली ती कथा मला फार आवडते. अँड्रॉइडचा पहिला फोन टी-मोबाइल जी-१ अमेरिकेत ऑक्टोबर २००८ मध्ये विक्रीला आला, बनवणारी कंपनी तैवानची एचटीसी. त्याला सरकणारा खराखुरा कळफलक होता. विक्री सुरू होऊन काही आठवडे झाले नाहीत तोच कुणाच्या तरी लक्षात आलं की गप्पा मारताना 'रीबूट' हा शब्द टंकला की फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू होतो! झालं होतं असं की, कळफलकावर जे जे टंकाल ते पडद्यावर तर उमटतच होतं, शिवाय आत एका अदृश्य खिडकीतही जात होतं, आणि ती खिडकी होती खुद्द रूटची. चाचणीसाठी उघडलेलं दार लावून घ्यायचं कुणीतरी विसरलं होतं. गूगलनं नोव्हेंबरातच ते बंद केलं. पण तोवर ज्यांना आत शिरायचं होतं ते शिरले होते.

त्यातूनच बदललेल्या अँड्रॉइडच्या आवृत्त्या निघू लागल्या. सर्वांत गाजली ती स्टीव्ह कोंडिक यांची सायनोजेनमॉड. 'सायनोजेन' हे त्यांचं टोपणनाव. सप्टेंबर २००९ मध्ये गूगलच्या वकिलांचं पत्र आलं की अँड्रॉइड मुक्त आहे, पण नकाशे, जीमेल, यूट्यूब ही आमची ॲप्स मुक्त नाहीत, ती वाटू नका. मग त्यांनी ती ॲप्स वगळून पुढे काम चालू ठेवलं. पाया सर्वांचा, फर्निचर मालकाचं! लिनक्सच्या परवान्यात असंही आहे की त्यात बदल करून उपकरण विकलंत तर बदललेला मूळ मजकूर घेणाऱ्याला द्यायचा. मोठ्या कंपन्या बहुधा देत. स्वस्त फोनवाले पुष्कळदा देत नसत, आणि म्हणून आमच्यासारख्यांच्या फोनवर नवी आवृत्ती बसवणं महाकठीण असे. रूट करणं तेवढं जमे.

ते कसं जमे? २०१० च्या ऑगस्टमध्ये एक युक्ती निघाली, तीच आमच्या पुतण्यानं वापरली. ती मी शाळेच्या भाषेत सांगतो. शिपाई सकाळी हेडमास्तरांच्या किल्ल्या घेऊन फाटक उघडतो आणि मग नोंदवहीत लिहून किल्ल्या परत करतो. समजा कुणी आदल्या दिवशीच नोंदवहीची सगळी पानं भरून ठेवली. शिपाई लिहायला जातो, जागाच नाही. नोंद झाली की नाही हे न बघता तो खिशात किल्ल्या घेऊन दिवसभर हिंडतो. संगणकाशी जोडल्यावर फोनमध्ये जी सेवा जागी होते ती अशीच आधी रूट म्हणून सुरू होई आणि मग स्वतःला साधी करून घेई. एका वापरकर्त्याला किती कामं एकाच वेळी चालवता येतात याला मर्यादा असते. ती मर्यादा आधीच भरून टाकली की साधं होण्याची विनंती फेटाळली जाई, आणि ती फेटाळली गेली का हे तपासणारी ओळच लिहिलेली नव्हती. उत्तर तपासलं नाही म्हणून किती मुलांचे मार्क मी कापले असतील! इथे तर साऱ्या जगाचे फोन उघडे पडले.

ही युक्ती नुसती हौशी मंडळींनीच वापरली असंही नाही. मार्च २०११ मध्ये 'ड्रॉइडड्रीम' नावाचा प्रकार उघडकीला आला. साळसूद दिसणाऱ्या ॲप्समध्ये हीच युक्ती लपवून ती गूगलच्या बाजारात ठेवली होती. गूगलला पन्नासहून जास्त ॲप्स काढून टाकावी लागली. म्हणजे मला ज्या भोकातून आईच्या आठवणी वाचायच्या होत्या, त्याच भोकातून चोरही येत होते. हे मला तेव्हा कळलं असतं तर मी फोन पुतण्याच्या हाती दिला नसता. खरं सांगतो.

तर, रविवारी दुपारी प्रयोग झाला. रूट पाच मिनिटांत मिळालं. मग पुतण्यानं 'फॉलबॅक' नावाची टंकाची धारिका काढून तिथे देवनागरी असलेली धारिका ठेवली. ती अक्षरं लोहित टंकाची होती. रेड हॅट या कंपनीनं मुक्त करून दिलेला हा टंक. लोहित म्हणजे तांबडा, लाल टोपीवाल्यांना शोभणारं नाव. ज्यानं ठेवलं त्याला संस्कृत येत असणार.

फोन पुन्हा सुरू केला. कंपनीचं बोधचिन्ह आलं आणि तिथेच थांबलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पुतण्याचा चेहरा पडला. या अवस्थेला 'फोनची वीट झाली' म्हणतात. मी म्हटलं, "असू दे रे, विठोबा उभा राहायला कामी येईल." पण मनातून साडेपाच हजार रुपये डोळ्यांपुढे आले. पेन्शनरचे साडेपाच हजार, आणि हमीही गेलेली. चूक बारीक होती. नव्या धारिकेला इतरांनी वाचायची परवानगी द्यायची राहून गेली होती, म्हणून फोनला स्वतःचाच टंक वाचता येईना. पुढच्या शनिवारी त्यानं मूळ आवृत्ती कुठूनशी उतरवून आणली, संगणकावरून बसवली, पुन्हा रूट, पुन्हा टंक, या वेळी परवानगीसकट.

आणि अक्षरं दिसली! चौकोन गेले. पहिलीच ओळ वाचली: "च ि. दनिकर यास अनेक आशीर्वाद."

माझं नाव दिनकर. दादांनी बरोबरच लिहिलं होतं. पण पहिली वेलांटी आपण उच्चारतो अक्षराच्या नंतर आणि काढतो अक्षराच्या आधी. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमानंच साठवतात आणि पडद्यावर मांडताना उचलून डावीकडे नेतात. हे उचलण्याचं काम टंकाचं एकट्याचं नाही, त्यासाठी मांडणी करणारी वेगळी यंत्रणा लागते, आणि अँड्रॉइड २.२ मध्ये देवनागरीसाठी ती नव्हती. त्यामुळे वेलांटी जागच्या जागी, म्हणजे पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. दिवसचा दविस, किरणचा करिण. जोडाक्षरं पाय मोडून वेगळी उभी. तीस वर्षं ऱ्हस्व-दीर्घासाठी लाल शाई खर्च केलेल्या माणसावर ही वेळ यावी! पण वाचता येत होतं. दोन-तीन मेलनंतर डोळ्यांना सवय झाली. आई जात्यावर बसायची ती आठवण मी भर दुपारी, वीज नसताना, ओसरीवर बसून वाचली. वेलांट्या आपोआप मागे सरकवत.

(ऑपेरा मिनी नावाच्या ब्राउझरमध्येही एक छुपी सोय होती. अक्षरांची चित्रं बनवून ती दूरच्या सर्व्हरकडून मागवायची. वेलांट्या अगदी शुद्ध! अनुदिन्या वाचायला आम्ही तेच वापरायचो. पण नेट गेलं की चित्रंही गेली, आणि फोनच्या बाकी पडद्यांवर उपयोग शून्य.)

पुतण्याला या नादानं पुरतं धरलं. तो मला अमेरिकेतले किस्से सांगायचा. बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्यांनी नोव्हेंबर २०१० मध्ये २४९ डॉलरला नूक कलर नावाचं वाचनयंत्र काढलं. आत अँड्रॉइड, पण झाकलेलं. ते यंत्र सुरू होताना आधी मेमरी कार्डाकडे बघायचं, मग पोटातल्या साठ्याकडे. लोकांनी कार्डावर दुसरं अँड्रॉइड घालून त्याची पूर्ण टॅब्लेट केली. कार्ड काढलं की पुन्हा निरागस वाचनयंत्र. त्याची वीट करणं जवळपास अशक्यच.

त्याहून नवलाची गोष्ट एचपीच्या टचपॅडची. १ जुलै २०११ ला ४९९ डॉलरला बाजारात आला. त्यात अँड्रॉइड नव्हतंच, एचपीचं स्वतःचं वेबओएस होतं. सात आठवड्यांत, १८ ऑगस्टला, कंपनीनं गाशा गुंडाळला आणि उरलेला माल ९९ डॉलरला फुंकून टाकला. दुकानांपुढे रांगा लागल्या. अनाथ यंत्र, पण आतला मालमसाला उत्तम. एका संकेतस्थळानं त्यावर अँड्रॉइड चालवणाऱ्याला १५०० डॉलरचं बक्षीस लावलं, आणि ऑक्टोबरात सायनोजेनमॉडची कच्ची आवृत्ती हजर! पुढे कित्येक वर्षं लोक त्यावर नवनवी अँड्रॉइडं बसवत राहिले. बनवणाऱ्यानं सात आठवड्यांत टाकलेलं मूल लोकांनी वाढवलं.

आपल्याकडे तेव्हा आकाश टॅब्लेटची चर्चा होती. ५ ऑक्टोबर २०११ ला कपिल सिब्बल यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं; सरकारला एक नग साधारण २२७६ रुपयांना पडत होता. तोही अँड्रॉइड २.२ चा, संथ. पुढचा आकाश-२ आय.आय.टी. मुंबईकडे आला, तेव्हा तिथल्या मंडळींनी त्यावर कार्डावरून चालणारं लिनक्स बसवून दाखवलं. शिक्षक म्हणून मला त्या यंत्राबद्दल फार आशा होती. असो.

कायद्याचंही एक सांगून टाकतो. जुलै २०१० मध्ये अमेरिकेत फोनचं असं कुलूप उघडायला सूट मिळाली. २०१२ मध्ये टॅब्लेटसाठी तीच सूट मागितली तर नाकारली, २०१५ मध्ये दिली. फोन आणि टॅब्लेट यांत फरक काय, तर पडद्याची लांबी-रुंदी! आणि सायनोजेन? २०१३ मध्ये त्याची कंपनी झाली, आपल्या देशात मायक्रोमॅक्सशी करार झाला, त्यावरून डिसेंबर २०१४ मध्ये वनप्लस विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावाही लढला गेला. २०१६ च्या डिसेंबरात दुकान बंद. कार्यकर्त्यांनी तेच काम 'लिनिएजओएस' या नावानं चालू ठेवलं, ते आजही चालू आहे.

देवनागरीची नीट सोय २०११-१२ मध्ये अँड्रॉइड ४.० आणि ४.१ बरोबर मूळ फोनमध्येच येऊ लागली. माझ्या फोनला ती कधीच मिळाली नाही. मी २०१३ पर्यंत तोच वापरला. त्या वर्षीच्या श्रावणात दादा गेले. त्यांच्या शेवटच्या सात मेल मी त्याच फोनवर वाचल्या, आणि नंतर संगणकावर छापून काढल्या तेव्हा शुद्ध वेलांट्यांत त्या मला परक्या वाटल्या.

पुतण्या आता मेलबर्नला असतो, दोन मुलांचा बाप आहे. मागच्या महिन्यात मी विचारलं, "अरे, हल्ली फोन रूट करतोस का?" म्हणाला, "नाही काका, बँकेची ॲप्स चालत नाहीत मग." पण व्हॉट्सॲपवर निरोप पाठवताना सुरुवात अजून तशीच करतो, मुद्दाम टंकून: "ती. दनिकर काकांस सा. न."